बावीस मिलिमीटर

कपाटात नऊ मापं आहेत.
ओगुमा हत्सुए, वय अडुसष्ट, डावी बाजू:
यांच्या हाडात नवांपैकी एकही उतरत नाही.

पडद्यावर मी ते हाड फिरवत बसते.
नळी अरुंद, छत्रीच्या दांडीएवढी.
मान पुढे वळलेली, चांगली चाळीस अंश,
जणू कुणी मागून हाक मारली
आणि ती भलत्याच बाजूला बघायला लागली.
उखळ तर उथळच, जन्मापासून;
बशीत गोटी ठेवावी तसा गोळा,
घरंगळत, वर सरकत
साठ वर्षांत त्यानं आपल्यापुरती
दुसरीच एक जागा कोरून घेतलेली.

धातूला काय, सांगाल तसा वळतो.
मी आकडे भरते, खोडते, पुन्हा भरते.
बाहेर त्सुबामेत बर्फ पडतंय
आणि रस्त्यातले फवारे ते विरघळवताहेत,
डांबरावर गंजाचे ओघळ.

खाली शेडमध्ये मारुयामाकाका.
चाळीस वर्षं चमचे घासले, आता खुबे घासतात.
हाडाचा कारागीर, असं मी म्हणते
तेव्हा त्यांना विनोद कळत नाही.
चकाकत्या गोळ्यात तोंड बघून सांगतात,
"चमच्याच्या खळगीत मी उलटा दिसायचो.
इथे लहान दिसतो, पण सुलटा."

एप्रिलमध्ये बाई स्वतः आल्या, काठीशिवाय.
पिशवीतून डावा बूट काढून टेबलावर ठेवला.
चांभारानं तळाला चिकटवलेली जादा जाडी
मी उगाच मोजली. बावीस.
माझ्या फाइलीत होती तेवढीच.

"याचं काय करू?" म्हणाल्या.
मग बुटाकडेच बघत,
"जिन्यावर माझं पाऊल ह्यांना ओळखू यायचं.
ठक्, आणि मग जरा उशिरा, ठ-क्.
परवा चहा घेऊन वर गेले
तर पाठमोरेच बसून विचारतात, कोण?"

हसल्या. मीही हसले, थोडं मागाहून.

हाडीमाशी खिळलेली चाल
आम्ही उपटून काढली, नेमकी, बिनचूक.
स्कॅनमध्ये आवाज येत नाही.

आज नवी फाइल आली आहे.
उजवी बाजू. पुरुष. जुना मोडलेला सांधा, वाकडा जुळलेला.
रेघ ओढण्याआधी मी इस्पितळात फोन लावला:
ते चालतानाचं चित्रण पाठवा.
हो, लाकडी फरशीवर.
आवाजासकट.

त्यानं मापात काही फरक पडणार नाही.
ते मलाही माहीत आहे.