दोन नंबरची खिडकी

अल्फिया, खुर्ची पुढं ओढ.
आधी त्या पडद्याचं तोंड भिंतीकडं फिरव.
खिडकीतून वाकणाऱ्या माणसाला
त्याचा आकडा दिसावा,
दुसऱ्याचा आजार दिसू नये.

मिरजेला पहाटेच्या गाडीनं लोक येतात,
कुडची, रायबाग, जतकडून,
कागद पिशवीत, पिशवी पोटाशी.
निम्मं दुखणं कन्नडमध्ये सांगतात.
घाई करू नकोस. पुन्हा विचार. मग लिही.

या पुस्तकात पडण्याचेसुद्धा प्रकार आहेत:
जिन्यावरून डब्ल्यू दहा, शिडीवरून अकरा,
झाडावरून चौदा.
बैलानं शिंग घातलं तरी त्याला जागा आहे.
तीस वर्षं झाली, मला अजून नवल वाटतं,
कुणीतरी परक्या देशात बसून
आरगच्या माणसाची चिंचेवरून पडायची
सोय करून ठेवलीय.
तो वर का चढला होता,
ते पुस्तक विचारत नाही.

गुडघा लिहिलाय? कुठला?
डावा-उजवा डॉक्टरांनी लिहिलं नसेल
तर तू ठरवायचं नाही.
जिना चढ, ओपीडीच्या दारात उभी राहा.
आवटी डॉक्टर चिडतील. चिडू देत.
सही घेऊनच खाली ये.

जे लिहिलं नाही त्याचं बिल लावू नकोस,
आणि जे झालं नाही ते लिहू नकोस,
वरून फोन आला तरी.
आयसीयूचे दोन दिवस इथं एकदा तीन झाले होते.
खाली सही माझी.
विम्याच्या माणसानं नर्सची वही उलगडली:
तिसऱ्या दिवशी सकाळी आठला
पेशंट जनरल वॉर्डात बसून उपमा खात होता.
त्यानं काही विचारलं नाही,
वही फक्त माझ्याकडं फिरवली.

"शुगर दोन वर्षं कमी लिवा की," म्हणतील.
पाणी दे. बसव.
वर्षं आहेत तेवढीच ठेव.
मंजुरीला संध्याकाळ होईल,
काचेवर गाडीची चावी वाजवतील.
मेल किती वाजता गेला ते सांग,
"होऊन जाईल" म्हणू नकोस.

चुकलेले प्रिंट रद्दीत टाकायचे नाहीत,
मशीनमध्ये घाल, चुरा होऊ दे.
भडंगाच्या पुडीवर मी एकदा
कुणाचं तरी क्रिएटिनिन वाचलंय.
नावासकट.
भडंग तसंच राहिलं.

आता दार लोटून घे.

मालगा... नको. एका गावची मुलगी.
चुलतभावाचा फोन आला,
सहज, जेवणवेळेला:
"तुमच्याकडं ॲडमिट होती का रं?"
मी म्हटलं, होती की, तिसऱ्या मजल्यावर.
बस. एवढंच.
आजार सांगितला नव्हता,
मजला सांगितला होता.
तिसऱ्या मजल्यावर कसला वॉर्ड आहे
हे अख्ख्या तालुक्याला माहीत.

साखरपुडा आठ दिवसांवर होता.

ती अजून येते, सहा महिन्यांनी, तपासणीला.
याच खिडकीत. सुटे पैसे मोजून घेते,
"येते काका," म्हणते.
तिला माहीत नाही.
मी पावती दोनदा तपासून देतो.
दुसरं काय देणार?

कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी
माझ्या पासवर्डची आहे. फाड.
तुझा नवा कर, आणि मला सांगू नकोस.
एकतीस तारखेनंतर मी फोन करून विचारलं,
कोण आलंय, कोण गेलंय,
तर "मगदूमकाका, जेवलात का?" एवढंच म्हण.

मोतीबिंदूला येईन मी, दिवाळी झाल्यावर,
या काचेच्या पलीकडून.
डावा डोळा.
माझं ऐकून लिहू नकोस,
कागद बघ.