एक बोट

नंदनवनच्या तिसऱ्या गल्लीत
लांजेवार पाकीट हातातून सोडेना.
"दादा, आधी हजार भरा. वरूनच आलं आहे."

वस्तू सहाशे चाळीसची:
बाबांच्या कानातल्या मशीनचं
नखाएवढं झाकण, डेन्मार्कहून.
पावतीवर ड्युटी एकशे पंधरा,
ब्रोकरेज साडेसातशे,
ब्रोकरेजवर जीएसटी एकशे पस्तीस.
या दलालाला मी नेमलं कधी?
फोनमधली बाई म्हणाली, दोन दाबा.
दोन दाबले. कूलरच्या घरघरीत
तीच धून पुन्हा पहिल्यापासून.

बाबा खुर्चीतून पाहत होते.
चाळीस वर्षं संत्रा मार्केटात दलाली केली त्यांनी,
पहाटे, ट्रकच्या दिव्यांत,
दुपट्ट्याखाली दोन हात
आणि वर दोन कोरे चेहरे.
आता मशीनशिवाय शब्द पोचत नाही,
म्हणून मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला
आणि खालून एक बोट दाबलं.

"शंभर?"
मी मान हलवली.
त्यांनी तेच बोट पुन्हा चाचपलं,
सावकाश, फळाचं देठ पाहावं तसं.

"मालाहून दलाली मोठी?
काहून बाप्पा,
थ्यानं पेटी तरी उघडून पाह्यली का?"

पेटीची टेप जशीच्या तशी होती.
लांजेवारनं घामेजला मोबाइल पुढे केला,
मी चौकोन स्कॅन केला, पैसे गेले.
तो पुढच्या घराचा नंबर शोधत निघाला.

बाबांचा हात अजून टॉवेलखालीच होता,
पंजा उघडा,
समोरच्याच्या बोटांची वाट पाहत.