पूर्ण नाव सांगा

क्षितिज म्हणाला, आत्या, चोवीस तासांच्या आत पाठवा लागते.
आभाराचं. चार ओळी. नाही तर मी देतो ना लिहून.
त्याने लिहून दिलं तर त्यात 'अमूल्य संधी' येणार,
त्याचे सगळे अर्ज मी वाचलेत.

म्हणून इंदोऱ्यात, गच्चीवर, रात्री साडेदहा.
फरशी दुपारची तापलेली ती अजून तशीच,
खाली कुलर घरघरतोय, खसाचा ओला वास वरपर्यंत,
मोबाइल गुडघ्यावर.

आदरणीय पाध्ये सर,
आज मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल

पुढे काय.
आमच्या घरात आभार मानत नाहीत.
चहा दिला की 'आज अद्रक बरं पडलं' म्हणतात,
तेवढ्यावरून समजून घ्यायचं.
आई गेली तेव्हा आठवडाभर शेंडेबाईंकडून डबा यायचा.
मी घासून परत करायची,
रिकामा नाही, तळाशी मूठभर साखर.
बोललो काहीच नाही, ना त्या ना मी.

धंतोलीतली लॅब, तिसरा मजला,
एसी इतका की माझीच बोटं गार.
कागद त्यांनी फार पाहिले नाहीत.
अकरा वर्षं मेयोत? मग सुटलं कसं?
संपलं, म्हटलं. कंत्राट होतं.
त्यांनी चष्मा काढला, डाव्या हाताची बाही वर सरकवली,
आणि म्हणाले, घ्या.

पहिली सुई चुकली.

सिकलसेलची लेकरं घेतलीत मी मांडीवर,
ज्यांच्या शिरा शिवणाच्या दोऱ्याएवढ्या,
डायलिसिसच्या म्हाताऱ्या, ज्यांच्या हातावर जागाच उरलेली नसते,
आणि चुकले ते ह्या धडधाकट माणसाच्या हातावर.
शीर चांगली जाड, पण पळणारी.
ओल्या साबणासारखी सुईखालून सटकली.
बाजूच्या पोरीनं 'अगं बाई' केलं
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सॉरी म्हटलं का मी? आठवत नाही.
आठवतं ते हे, की त्यांनी हात मागे घेतला नाही.
कापूस दाबून होईपर्यंत टेबलावर तसाच ठेवला.
मागायला मी गेले होते
आणि तळवा त्यांचा वर होता.

दुसऱ्यांदा मी पाहिलंच नाही, बोटाला विचारलं.
अंगठ्यानं कातडी खाली ताणली, आणि आलं.
जांभळ्या झाकणाची नळी भरली, हळूच उलटीपालटी केली,
सवयीनं लेबल काढलं, पेन काढला,
आणि विचारलं, पूर्ण नाव सांगा.

सगळे हसले. पोरगीसुद्धा.
मी नाही हसले.
नळीवर नाव नसलं तर रक्त कुणाचंच नसतं.
त्यांनी हसू आवरून नाव सांगितलं,
वडिलांच्या नावासकट, मग वयही,
विचारलं नव्हतं तरी.

तर सर,
दोनदा टोचू दिल्याबद्दल
खोडलं.
पहिल्यांदा असं माझं सहसा होत नाही
खोडलं. सगळेच म्हणतात.
हात निळा पडला असेल तर आज बर्फ, कपड्यात गुंडाळून.
उद्यापासून कोमट शेक.
त्या हातानं दोन दिवस जड उचलू नका.
हे राहू दिलं.

क्षितिज वर आला, मोबाइलमध्ये डोकावला.
हे काय लिहून राहिली तू, आत्या?
पेशंट आहे का तो?
साडेअकराला होता, म्हटलं. पाच मिनिटं.

'आपली विश्वासू' बोटांतून आपोआप आलं,
नववीच्या पत्रलेखनातलं. तेही ठेवलं.
त्याखाली रत्नमाला.
मग बाबांचं नाव. मग ढोके.

पाठवलं तेव्हा खाली कुलरचा आवाज बदलला होता,
कोरडा, पत्र्यावर घासल्यासारखा.
बादली घेऊन उतरले.