आधी काय?

चवळीचे दाणे डेलूच्या गाडग्यातले, उसने.
माणशी दहा.
गाओच्या झाडाखाली वाळूत सतरा चित्रं,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून
प्रत्येकावर एक खडा.

झिंदेरहून आलेले साहेब म्हणाले, प्राधान्यक्रम.
दुभाषा मी.
हौसात सांगितलं, फुलफुल्देत सांगितलं:
आधी काय?
दोन्हीकडे तेवढंच उरलं त्या शब्दाचं.

इल्लोने सहा दाणे ठेवले बाजरीच्या कणसावर,
चार नळावर.
नळ छान काढला होता, पाणी निळंशार.
त्याच्या बायकोने, राकियाने, दवाखान्यावर आठ,
दोन मुठीतच राहू दिले.
पोरांनी वीज निवडली, अर्थात.
माशाच्या चित्राला सगळे हसले,
समुद्र कुणी पाहिलाय इथे!
तरी कुणीतरी त्याच्यावर एक दाणा ठेवला,
बिचारा एकटा पडेल म्हणून.

वर हे उफराटं झाड:
पावसात पानं टाकून बाजरीला ऊन देतं,
कोरड्या दिवसांत हिरवं होतं.
शेंगा गाईंना, गाईंचं शेण मातीला.
त्याला कुणी विचारत नाही, आधी काय.

मग जूलदे उठला.
खांद्यावर आडवी काठी, काठीवर दोन्ही हात.
ती खाली ठेवून उकिडवा बसला
आणि दहाच्या दहा दाणे
वाळूत एका ओळीत मांडत गेला,
कणसाच्या डावीकडून,
नळाला वळसा घालून,
एकाही चित्रावर नाही.

"हे कशात धरायचं?" साहेबांनी मला विचारलं.
मी त्याला.
"पाणी आहे," तो म्हणाला. "गवत आहे, पलीकडे.
गाई आहेत. मधलं नाही.
आजोबांच्या गाई इथून चाळीस-चाळीस
खांद्याला खांदा लावून जायच्या.
आता एकीमागे एक.
त्यातही एकीने मान वळवली,
की दंड."

हे सगळं मला दोनदा सांगावं लागलं,
एकदा साहेबांना,
एकदा इल्लोला, ज्याच्या शेताला ती ओळ घासून गेली होती.
इल्लोला ते माझ्याआधीच कळलं होतं.

बराच वेळ त्याने नख कुरतडलं.
"बापाने दोन सऱ्या वाढवल्या," म्हणाला,
"मी तीन."
मग वाकून
कणसाचं चित्र, खड्यासकट, दाण्यांसकट,
चार बोटं सरकवलं.
चारच.
कुदळ हातात आल्यावर काय होतं
ते पेरणीत कळेल.

साहेबांनी वहीत रकाने आखले.
अन्न, पाणी, आरोग्य, वीज.
मासा: एक.
शेवटच्या ओळीत
इतर: दहा.

ऊन कलल्यावर डेलू गाडगं घेऊन आली.
एकेक दाणा फुंकून आत टाकत गेली,
जूलदेची वाट सगळ्यात शेवटी,
तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत
चालत जावं तशी वेचत.
बियाणं होतं ते. तिने मोजलं.

"दोन कमी आहेत."

कुणी मूठ उघडली नाही.