नखभर खाली

माझ्या गळ्यात लाकडी फळी, फळीवर एकशे चाळीस काळे चष्मे.
सांदागा बाजाराचा कोपरा. वाळवंटावरून आलेली धूळ
दुपारपर्यंत सगळ्या डाकारला एकाच रंगाचं करून टाकते,
आणि मी ओरडत असतो, मोसिये, मादाम,
चेहऱ्याला शोभेल असा घ्या!

घाऊकवाल्या लेबनीज म्हाताऱ्यानं एक कार्ड दिलं होतं,
पाच चेहरे छापलेलं. गोल, चौकोनी, लांबट, अंड्यासारखा
आणि पत्त्यांतल्या बदामासारखा.
नियम सोपा. चेहऱ्यात जे नाही ते नाकावर चढवायचं.
गोलाला कोपरे, चौकोनीला गोलाई,
लांबट असेल तर रुंद काचा, म्हणजे चेहरा मध्येच जरा दम खातो.
अकरा वर्षं या नियमावर माझी चूल पेटते.
थियोरो मासेवालीला मी मांजरडोळी फ्रेम विकली,
टॅक्सीवाल्या गोर्गीला पायलटछाप.
त्याचा चेहरा कुठला होता, आठवत नाही.
पैसे रोख होते.

मग कोदू आली.
काठीचं टोक माझ्या चपलेला टेकवून म्हणाली,
"चष्मेवाला बिराम तूच ना?"
मी म्हणालो, "तुम्हाला उन्हाचा..."
आणि जीभ चावली.

"ऊन मला कपाळावर कळतं.
पण डोळे दिसले की लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात,
जशी काही मी बहिरी आहे.
काल बँकेतला पोरगा तर ओरडलाच.
काच मध्ये आली की आवाज खाली येतील. दाखव."

मी कार्ड काढलं.
काढून करणार काय? परत खिशात घातलं.

"आई म्हणायची कलिंगड. नणंद म्हणते तवा.
नवरा सतरा वर्षांत काहीच म्हणाला नाही.
तू विकतोस, तू सांग."

मी बघितलं. बराच वेळ बघितलं,
कारण बघताना ती मला पकडू शकत नव्हती,
आणि हे तिला माहीत होतं.
कपाळ ऐसपैस. हनुवटी खाली येता येता
विचार बदलल्यासारखी उजवीकडे वळलेली.
एक गाल चढा. वरच्या ओठावर कांजण्यांचा एक खड्डा.
आणि डावा कान उजव्यापेक्षा नखभर खाली.

सगळं सांगितलं. कानसुद्धा.

"कान!" ती हसली, तिथंच चाचपून बघितला.
"चाळीस वर्षं कुणी बोललं नाही मेलं."

मग तिनं एकेक चष्मा कानाशी नेला,
काड्या उघडल्या, मिटल्या.
"हा कुरकुरतो. हा महिनाभर टिकेल."
(बरोबर होतं. तो मी परत फळीवर लावला,
दुसऱ्या कुणासाठी.)
चौदावा तिला पटला. जाड, तपकिरी,
धड गोल नाही, धड चौकोनी नाही,
तीन वर्षं धूळ खात पडलेला.
नाकावर बसला तो तिरका.

शेजारच्या शिलाईवाल्याच्या शेगडीवर चहा उकळत होता.
मी किटली सरकवली, काडी निखाऱ्यावर धरली,
अंगठ्यानं वाकवली. भाजलं.
पुन्हा धरली. पहिला चहा झाला, कडू.
पुन्हा. दुसरा चहा.
तिसऱ्या चहाला चष्मा सरळ बसला,
बादलीतलं पाणी निवांत झाल्यासारखा.

मी चार हजार म्हणालो, ती दीड.
"आणि कानाचे वेगळे मागू नकोस."
दोन हजार फ्रँकवर तुटलं.

ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.
निळ्या-पिवळ्या बसच्या दांडीला लटकलेला पोरगा,
दिवसभर केकाटणारा,
तिच्यापाशी येऊन खाली वाकला, काहीतरी विचारलं.
मला ऐकू आलं नाही.

कार्ड अजून खिशात आहे, घडीवर फाटलेलं.
बदामवाला चेहरा आता दोन तुकड्यांत आहे.
अंगठ्यावरचा फोड गेला.
गिऱ्हाईक आलं की मी अजूनही ओरडतो तेच,
फक्त आधी कान बघतो.