चार फूट खालची

चार फूट खालची घ्यायची,
कॉलेजात शिकवलं होतं.
वरच्या थराला खत लागलेलं, पाय लागलेले,
खालची निर्मळ.
छगनकाका टेम्पोतून पोती आणायचे
दांडिया बाजारात, माझ्या दवाखान्यापर्यंत.
गच्चीवर वाळवायची, चाळायची,
रात्रभर भिजत ठेवायची.
सकाळी ओल्या फडक्यात घडी करून
पोटावर ठेवली की माणसं आपसूक डोळे मिटत.
मी म्हणायचे, आता मातीला काम करू द्या.

अकरा वर्षं म्हणत होते.

मग रेवाबेन पढियार आली,
छातीतली गाठ पदराआड धरून,
कुणी सांभाळायला दिल्यासारखी.
तुमच्याकडे कापत नाहीत ना?
नाही, मी म्हणाले.
एवढंच. खोटं काही नव्हतं त्यात.
दुधीचा रस, उपास, कटिस्नान,
आणि पाच महिने.
औषधाच्या वेळा ती चुकली असेल एखाद्‌दुसरी,
गाठ एकदाही चुकली नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर बाटलीबोयनी चष्मा काढला.
आवाज चढवला नाही.
चढवला असता तर भांडता आलं असतं.
म्हणाले, उद्यापासून इथं बसा. केमोच्या वॉर्डात.
नुसतं बघा आधी.

बघितलं.
मग हळूहळू हात लावला:
तोंड येऊ नये म्हणून जिभेवर बर्फाचा खडा,
मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या,
सलाईनचे थेंब मोजणाऱ्या बाईला
श्वास मोजायला शिकवणं.
पांढऱ्या पेशी उतरल्या की
जन्मभर कच्चं खा सांगणारी मी
स्वतःच्या अक्षरात लिहू लागले,
सगळं शिजवून. फळसुद्धा.

तिसऱ्या केमोला रेवाबेन हसत म्हणाली,
आमच्या बोअरचं पाणी असं पिवळं,
की चहाला पत्ती लागत नाही.
आणि सहज, कूस बदलता बदलता,
तुमची माती आमच्याच शिवारातली की.
छगनभाई नाल्याकाठून उपसतो,
तिथली मऊ असते.

नाला कसला, मी विचारलं.
तिनं बोटानं खिडकीबाहेर दाखवलं,
जिकडून रात्री वास येतो तिकडे.

मातीची पुडी बांधून लॅबला दिली.
उत्तर आलं: क्रोमियम, शिसं,
खाली आणखी एक नाव, जे मला नीट उच्चारताही येईना.
चार फूट खालची.
मग आठ फूट खालचीही दिली.
तीच.

तिची गाठ त्या पाण्यानं झाली
असं मी म्हणत नाही.
बाटलीबोय म्हणतात, एकेकट्या गाठीला
बाप विचारता येत नाही.
पण गुरुवारी मी दवाखाना बंद ठेवते,
महीकडच्या गावांत बाटल्या घेऊन फिरते.
चिकटपट्टीवर लिहिते विहिरीचं नाव, तारीख,
कोण पितं, किती वर्षं.
पंप चालवायला रेवाबेन येते कधीकधी.
तिचे केस परत आलेत. आधी सरळ होते,
आता कुरळे.
त्या पाच महिन्यांचं ती बोलत नाही.
मी एकदा सुरुवात केली
तर म्हणाली, बाटली भरली, बूच लावा.

शेवटचं पोतं अजून गच्चीवर आहे,
तोंड सुतळीनं बांधलेलं.
पावसात भिजू नये म्हणून वर प्लास्टिक घातलंय.
छगनकाका विचारतात, टाकून देऊ का?
कुठं, काका?
ते मान खाजवतात.
मीही.