तीन मिलिमीटर

लग्नांच्या तारखा लिहायच्या वहीत, मागच्या पानावर यादी केली:
मदरबोर्ड जुनाच. प्रोसेसर नवा. रॅम सोळा अधिक सोळा.
पॉवर सप्लाय साडेसहाशे वॅटचा,
कारण आधीचा हल्ली भात शिजल्यासारखा आवाज काढतो.
कूलर मोठा, दोन पंख्यांचा.
कोल्हापूरच्या दुकानदाराने फोनवर दोनदा विचारलं,
"मॅडम, सगळं एकमेकांना चालेल ना?"
मी म्हटलं, वेंगुर्ल्यात लग्नांचे व्हिडिओ करते हो,
चालेल ना, हा प्रश्न माझ्यासमोर रोज
बाशिंग बांधून बसलेला असतो.

पार्सल आंबोलीवरून एसटीने आलं.
रॅम बसेना.
खाच होती, पण जराशी बाजूला,
सांगितली चौथ्या पिढीची, आली पाचव्या.
जोर लावला असता तर बसली असती आणि मेली असती.
त्याच कंडक्टरच्या हाती परत पाठवली.
"काय गो, नवरो पसंत नाय?" म्हणाला.

मग बायोस.
बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता येत नव्हता,
आणि ओळख करून द्यायची तर
जुनाच जागेवर बसलेला हवा.
म्हणजे जो जाणार, त्यानेच
येणाऱ्याचं नाव घरात शिकवून जायचं.
पेनड्राइव्ह लावला. सात टक्के. अकरा.
बाहेर दाभोसवाड्याकडे वीज चमकली,
शेजारच्या आरोलकरांचा टीव्ही बंद पडला,
यूपीएस ओरडायला लागला,
आणि मी, देवाला कधी काही न मागणारी,
मी बॅटरीला म्हणाले, बाई, चार मिनिटं.
तिने पाच दिली.

जुन्याला उचललं तेव्हा पेस्ट सुकून
चुन्यासारखी झाली होती.
नव्यावर मिरीएवढी ठेवली.
कूलर चढवला, स्क्रू आवळले,
कॅबिनेटची बाजू लावायला गेले,
तीन मिलिमीटर कमी.
यादीत सगळं होतं. सॉकेट होतं, वॅट होते,
उंची नव्हती.

बस्त्याव आला. जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात
तो तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळतो.
कॉम्प्युटर त्याला कळत नाही, पण पंख्यामागे
तळहात धरून म्हणाला, "थंडी करूक येणा नाय गो.
गरमी फक्त दुसरीकडे ढकलूची.
तू ती खंय ढकलतलंस, ता आधी ठरव."
बाजू उघडीच ठेवली.
पाली आणि मुंग्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा लावला,
चार कपड्यांचे चिमटे.
खाऱ्या वाऱ्यासाठी काही उपाय नाही.

आता घड्याळ पुढे ढकलायचं.
चार पॉइंट चार लिहून आलेलं असतं, त्याच्यावर
आपली हाव.
पॉइंट पाच: शांत.
पॉइंट सहा: एक्क्याण्णव अंश, तरी चालू.
व्होल्टेज अर्धं बोट वर.
पॉइंट सात, रात्री दीड वाजता,
मोचेमाडच्या वरातीत नवरदेव पाय उचलतो
आणि पडदा निळा.
पाय तसाच हवेत.
बस्त्याव हसला. "मशीन सांगता तुका. मानसा सांगनत नाय."
त्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी कुवेतहून फोन बंद केला,
हे मला माहीत होतं; तो ते बोलत होता की नाही,
ते माहीत नाही.
पॉइंट पाचवर परत आले.
तिथेच राहिले.

नऊ तासांचं काम आता पावणेतीनात होतं.
गिऱ्हाइकांना मी अजून नऊच सांगते.
उरलेल्या वेळात कधी पंखा ऐकते,
कधी चिमटे काढून ब्रशने धूळ झाडते,
आणि जाळीला चिकटलेलं मीठ
ओल्या फडक्याने पुसते.

जुना प्रोसेसर टाकवला नाही.
सुईने सरळ केलेल्या एका पायासकट
तेराशे एकतीस पाय वर करून
तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत पडला आहे.
कोणी बोर्ड घेऊन आलंच,
तर बसेल.